तिन्हीसांजेचं सारवण

“मी येत न्हाय म्हंजी येत न्हाय, सावळ्या. तू आपली जीप घेऊन जा.”

“आक्का, पातळ बदल. डायवर बाहेर हारन वाजवून कटाळला.”

“तुमी मामा-भाचं जावा की. पोरगी बघा, पोहं खावा, सुपारी फोडा. माझं काय काम तितं?”

“तुझंच काम हाय. आमचंच काय काम न्हाय तितं. लक्ष्मीबाईनं निरोप काय धाडलाय? पोराची आई आली पायजे. बेल-भंडारा उचलून तिनं सांगितलं पायजे, का माझ्या पोराचा हात पहिल्या सुनंवर पडला न्हाय. मग कुंकू. त्याच्या आधी काय न्हाय.”

“कोर्टाचा कागद हाय की. त्यो दाखवायचा.”

“दाखवला. ती म्हणती, मला लेक कोर्टाला द्यायची न्हाय.”

रंगूबाई ओट्यावर मटकी निवडत बसली होती. तिनं सूप जोरात आपटलं. खडा काही निघाला नाही, मटकीच उडाली. समोर तिचा धाकटा भाऊ सावळाराम, इस्त्रीचा सदरा, डोक्यावर नवी टोपी, पाय जोत्याला टेकवून उभा. भाच्याची केस चालली तेवढा सगळा काळ कळंबहून बारामतीला फेऱ्या मारून त्याच्या बोलण्यात वकिली आली होती.

“कोर्टात शपथ घेतलीस, तवा न्हाय जीभ अडखळली,” तो म्हणाला.

“तितं शिपाई म्हणत हुता आन् मी त्याच्या मागनं म्हणत हुते. काय म्हणले तेबी कळलं न्हाय.”

“मग हितंबी माझ्या मागनं म्हण.”

“हितं खंडोबा हाय, सावळ्या.”

“तितं ईश्वरसाक्ष हुतं. ईश्वर म्हंजी कोन, तलाठी?”

“तुला हसाय येतंय. भंडारा तुला उचलायचा न्हाय.”

“आगं, घरात बाई आली तर पोरगं मार्गाला लागंल. तू म्हातारी झालीस. उद्या तुला पाणी कोन देणार?”

“मला नगं पाणी.”

आत चाललेला दाढीचा खरखर आवाज थांबला. मग अगदी हळू, कुणी झोपलेल्या माणसाला उठवू नये इतक्या हळू, आतून शब्द आले, “मामा, आयेला वरडू नका. ती येतीया.”

रंगूबाई उठली. सूप तिथंच ठेवलं आणि पातळ बदलायला आत गेली.

सावळाराम आपल्या वकिलीवर खूश झाला. त्याला वाटलं, आक्का ऐकली.

*

रंगूबाई कळंबची लेक. अंथुर्ण्याच्या या वस्तीवर लग्न होऊन आली तेव्हा तिला भाकरीसुद्धा धड येत नव्हती, पण सारवायला बसली की सासू हातातलं काम टाकून बघत राही. शेण, थोडी चिकणमाती, पाणी, आणि उजवा हात. हात डावीकडून उजवीकडं फिरला की जमिनीवर पाच बोटांची कमान उठायची. कमानीला कमान अशी चिकटायची की लग्नघरी बायका मुद्दाम तिला बोलावून न्यायच्या. “रंगूच्या सारवणावर झोपलं तर पाठीला चांदण्या उमटत्यात,” असं शेजारची दगडाबाई म्हणायची. नवरा कारखान्यात ऊसकाट्यावर होता. लेक इंद्रजित शाळेत असतानाच तो काविळीनं गेला. त्यानंतर घरात दोन माणसं, आई आणि लेक.

लेकाची भीती तिला पहिल्यांदा कधी वाटली ते तिला नेमकं माहीत होतं. एकदा खोंड औताला बसला म्हणून त्यानं त्याला मारलं. मारलं म्हणजे कासऱ्यानं, मग जूच्या खिळीनं. जनावराच्या नाकातून रक्त यायला लागलं. मग त्यानं हात धुतले, ताटावर बसला आणि म्हणाला, “आये, कालवणाला मीठ जास्ती झालंय.” रागावलेला असता तर तिला भीती वाटली नसती. पण राग कुठंच नव्हता. आवाज मऊ होता.

स्वरूपा सून म्हणून आली ती खळखळून हसणारी. सासूला आत्या म्हणायची. तुळशीच्या कट्ट्याला तिनं स्वतः निळा रंग दिला आणि स्वतःच्या नाकालाही लावून घेतला. पहिल्या वर्षी हसली. दुसऱ्या वर्षी पदराआड हसली. तिसऱ्या वर्षी रंगूबाईला संध्याकाळी गोठ्यात जाऊन बसायची सवय लागली, कारण घरातून येणारे आवाज म्हशीच्या रवंथात जरा कमी ऐकू यायचे.

“आत्या, तुमी मधी का पडत न्हाय?” स्वरूपानं एकदाच विचारलं होतं. ओठ सुजलेला होता, त्यामुळं शब्द बोबडे आले.

“मी पडले तर तुला जास्ती मारंल.”

ते खरंही होतं. पण रंगूबाईला स्वतःलाही मार बसेल याची भीती वाटायची, तेही खरं होतं.

मग तो बाजाराचा दिवस आला. रंगूबाई इंदापूरला गेली होती. बांगड्या, चहापत्ती, सुनेला आवडतात म्हणून ओल्या शेंगा. एस.टी.तून उतरून वस्तीवर पोचली तेव्हा दिवस कलत होता. इंद्रजित उंबऱ्यावर बसला होता. हात कोपरापर्यंत ओले.

“स्वरूपा कुठाय?”

“गेली म्हायेरला. रुसून.”

“आत्ता? मला एस.टी.त न्हाय दिसली.”

“गेली म्हणलं न्हवं.” त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली, शेंगा पाहिल्या, एक फोडून तोंडात टाकली. “आये, आत जात्यापाशी घाण झालीया. मांजरानं उंदीर फाडला वाटतं. सारवून घे.”

“सकाळी घेते. दिवं लागायची येळ झाली.”

“आत्ता घे.”

तिन्हीसांजेला कुणी सारवत नाही. केरसुणीसुद्धा हातात घेत नाहीत. लक्ष्मी यायच्या वेळेला घर पुसून काढलं तर ती दारातून परत जाते, हे रंगूबाईला कुणी शिकवलं नव्हतं, ते तिच्या हातातच होतं. आणि तरीही ती शेणाची पाटी घेऊन आत गेली. जात्यापाशी खाली बसली. पहिल्या कमानीलाच शेणाला लाल झाक आली. तिनं हात थांबवला नाही. थांबवला तर वर बघावं लागलं असतं, आणि दारात तो उभा होता.

तेवढ्यात काडीपेटी मागायला दगडाबाई आली आणि उंबऱ्याबाहेरच थबकली.

“आगं रंगू, तिन्हीसांजा सारवतीस व्हय? खुळी का काय?”

“मांजरानं घाण केली,” रंगूबाई म्हणाली. खाली मान घालून.

दगडाबाई काडीपेटी न घेताच परत गेली.

सकाळी स्वरूपा विहिरीत तरंगत होती.

*

पोलिसांना खबर जायला, माहेरची माणसं यायला आणि पंचनाम्याला पंच मिळायला वेळ लागला. तोवर विहिरीतून काढून घरात आणलेलं प्रेत दवाखान्यात न्यायला उचललं गेलं होतं, आणि वस्तीवरच्या बायकांनी रीतीप्रमाणं आख्खं घर पुन्हा सारवून काढलं होतं. मयताचं घर सारवायचं, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. पंचांनी पाहिली ती ओली जमीन. त्यांनी लिहून दिलं, ‘जमीन नुकतीच सारवलेली, डाग दिसून येत नाही.’

इंद्रजितला धरून नेलं. तो आत असतानाचा काळ रंगूबाईच्या आयुष्यातला सर्वांत शांत काळ होता. हे ती कुणाजवळ बोलली नाही. आईनं असं म्हणायचं नसतं. पण त्या काळात तिला भूक लागायची.

बारामतीच्या कोर्टात केस उभी राहिली तेव्हा सरकारी वकिलांचा सगळा भरवसा दगडाबाईवर होता. प्रेत सापडायच्या आदल्या संध्याकाळी रंगूबाईला घर सारवताना पाहिलं, असा तिचा जबाब पोलिसांनी लिहून घेतला होता. बाकी हातात फारसं काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, डोक्याची जखम मारानं होऊ शकते, विहिरीत पडताना दगड लागूनही होऊ शकते.

दगडाबाई पिंजऱ्यात उभी राहिली. पदर नीट केला.

“त्या संध्याकाळी तुम्ही काय पाहिलं?”

“काय बी न्हाय.”

“पोलिसांना तर तुम्ही सांगितलंय—”

“सायेब, मला दिवंलागणीला दिसत न्हाय. समोर माणूस हाय का म्हस हाय, ते बी वळखत न्हाय.”

“मग शेजारी गेलात कशाला?”

“म्हस शोधाय.”

कोर्टात हशा पिकला. जज्जसाहेबांनी चष्मा पुसला. सरकारी वकिलांनी ‘साक्षीदार फितूर’ असं म्हणून कागद खाली ठेवले, आणि दगडाबाई उतरताना रंगूबाईकडं न बघता गेली.

मग रंगूबाईला उभं केलं.

“तुम्ही घर कधी सारवलंत?”

तिनं आरोपीकडं पाहिलं. तो तिच्याकडं बघत नव्हता. आपली नखं बघत होता. स्वच्छ, कापलेली.

“मयताचं घर सारवत्यातच की, सायेब,” ती म्हणाली.

“कधी, ते विचारतोय.”

“परेत उचलल्यावर.”

आरोपीचे वकील उठून म्हणाले, ही या भागाची रीत आहे, प्रत्येक घरी असंच करतात, सारवलेली जमीन हा जर पुरावा धरला तर निम्मा इंदापूर तालुका तुरुंगात जाईल. यावरही लोक हसले. रंगूबाईला वाटलं, कोर्टात माणसं फार हसतात.

निकालाच्या दिवशी इंग्रजीत काहीतरी वाचलं गेलं आणि इंद्रजितचे दोस्त दाराकडं धावले. रंगूबाई बाकावरच बसून राहिली. वकील काळा गाऊन गुंडाळत तिच्यापाशी आले.

“मावशी, सुटला. पुराव्याअभावी निर्दोष.”

“म्हंजी त्यानं केलं न्हाय, असं म्हणले का सायेब?”

“साहेब म्हणाले, सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नाही.”

“आन् केलं का न्हाय, त्याचं?”

वकिलांनी तिच्याकडं नीट बघितलं. “संशय आहे, असं लिहिलंय. पण नुसत्या संशयावर माणसाला शिक्षा देता येत नाही. त्याचा फायदा तुमच्या मुलाला मिळाला.”

“म्हंजी संशय हाय.”

“मावशी, तुम्ही आई आहात का सरकारी वकील? जा, पेढे वाटा.”

आवारात गुलाल उधळला जात होता. स्वरूपाचा बाप कडुलिंबाखाली उभा होता आणि अंगावर गुलाल पडू नये म्हणून दोन्ही हातांनी सदरा झाकून धरत होता. दोस्तांनी रंगूबाईला ओढून पुढं नेलं, इंद्रजितनं वाकून तिच्या पायावर डोकं ठेवलं. लोक म्हणाले, बघा, लेक असावा तर असा. डोकं पायावर असताना तो हळूच म्हणाला, “आये, झ्याक बोललीस.”

तिनं पाय मागं घेतले.

*

घरी आल्यावर त्यानं तिला कधी शिवी दिली नाही. हात उगारला नाही. उलट दुधाचा पेला तिच्या हातात देई, “आये, दमलीस, बस” म्हणे. जेवताना एकदा म्हणाला, “ह्या घरातलं आपण दोघंच जाणतो. तिसरं कोन न्हाय.” आणि ताटातली भाकरी मोडून अर्धी तिच्या ताटात ठेवली. ती तिला गिळता आली नाही.

जन्मभर रंगूबाई भिंतीकडं तोंड करून भाकरी थापत आली होती. एके दिवशी तिनं चूल मोडली आणि दाराकडं तोंड होईल अशी नवी घातली. आता भाकरी थापताना मागं भिंत आणि समोर दार. कोण येतंय ते दिसे.

तो दारात उभा राहून बराच वेळ चुलीकडं बघत राहिला.

“आये, चूल का फिरवलीस?”

“धूर लागतो डोळ्याला.”

“आधी न्हाय लागला तो?”

“आता म्हातारी झाले.”

“व्हय,” तो म्हणाला. “म्हातारी झालीस.” आणि गेला. तव्यावरची भाकरी करपली तरी तिच्या ध्यानात आलं नाही.

थोड्याच दिवसांत त्यानं घरात शहाबादी फरशी टाकून घेतली. दुसरी सोयरीक बघायची तर घर बरं दिसलं पाहिजे, असं मामाला सांगितलं. जातं उचलून गोठ्यात टाकलं. गवंड्यानं जमीन खणली तेव्हा तो स्वतः पाटी उचलून माती बाहेर नेऊन टाकत होता. फरशी बसली. वस्तीवरच्या बायका येऊन बघून गेल्या, “रंगूची आता सारवणातनं सुटका झाली,” म्हणाल्या. दगडाबाई आली नाही.

ती भेटली कालव्याच्या चारीवर, धुणं धुताना. रंगूबाईनंच आधी तोंड उघडलं.

“दगडे, येत न्हाईस हल्ली.”

“फरशीवर माझा पाय घसरतो.”

“असं तिरकं बोलू नगं.”

“मग सरळ बोलू? मला दिवंलागणीला मुंगीसुदीक दिसती, रंगू. तुझं हात कोपरापतूर भरलं हुतं आन् पाटी खडाखडा वाजत हुती, इतकी थरथरत हुतीस.”

“हळू बोल.”

“हितं कोन हाय?”

रंगूबाईनं मागं वळून पाहिलं. उसाचं रान होतं. उसात काहीतरी सळसळलं, बहुतेक वारा.

“तुझ्या भावानं येऊन सांगितलं,” दगडाबाई धोपटणं आपटत म्हणाली, “तुमच्या रानाला जायची वाट आमच्या भाच्याच्या बांधावरनं हाय, ध्यानात ठेवा. म्हणून मी आंधळी झाले. वाटंपायी. तू कशापायी झालीस?”

“लेकरू हाय माझं.”

“लेकराला भेतं व्हय कोन?”

रंगूबाई पातळ पिळत राहिली. पाणी संपलं तरी पिळत राहिली.

“आता दुसरी आनतोय म्हणं,” दगडाबाई म्हणाली. “कळसची. बाप न्हाय तिला. आईच हाय. सावळारामानं बरी शोधली.” तिनं धुणं बादलीत कोंबलं आणि बांधावरून निघून गेली.

*

आणि आज ती जीपमध्ये बसली होती. पुढं डायवरशेजारी इंद्रजित, मागं सावळाराम आणि ती. रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर. एकाच्या मागं अडकलं की दुसऱ्याच्या मागं अडकायचं. सावळाराम नारळाची पिशवी मांडीवर घेऊन लग्नाची तारीख काढत होता.

“आये,” इंद्रजित मागं वळून म्हणाला, “काय म्हणायचं ते ध्यानात हाय न्हवं?”

“हाय.”

“परतीला मामा कळंबला उतरणार. तितनं पुढं आपण दोघंच.” तो एवढंच म्हणाला आणि पुन्हा पुढं बघू लागला.

रंगूबाईनं खिडकीची दांडी घट्ट धरली. परतीचा रस्ता तिला पाठ होता. कळंबनंतर दोन्ही बाजूंना ऊस.

लक्ष्मीबाईचं घर गावाच्या कडेला. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, दीर-भाऊ कुणी जवळ नाही, त्यामुळं पाहुण्यांना बसा म्हणायलाही तीच पुढं आली. उंच, हाडकुळी बाई. हसली नाही.

मेघना चहा घेऊन आली. बालवाडीत शिकवणारी, वय जरा वाढलेलं, लग्न एकदा ठरून मोडलेलं. सावळारामनं नाव-गाव विचारलं, इंद्रजितनं शिक्षण विचारलं. सगळं रीतसर.

“तुमाला काय इचारायचं असंल तर इचारा,” सावळाराम उदारपणे म्हणाला.

मेघनानं इंद्रजितकडं न बघता रंगूबाईकडं बघितलं. “तुमी जेवलाय का सकाळपासनं? तोंड सुकलंय तुमचं.”

रंगूबाईनं कप खाली ठेवला. “जेवले, बाई,” ती म्हणाली.

“पोरगी बोलकी हाय,” सावळाराम हसला. “आक्का, जमणार तुमचं दोघींचं.”

लक्ष्मीबाई उठली. “आत या,” तिनं रंगूबाईला सांगितलं. “एकट्या.”

आतली खोली अंधारी होती. कोनाड्यात देवांचे टाक, पुढं समई, आणि खाली पाटावर ताम्हण. ताम्हणात बेलाची पानं आणि भंडाऱ्याचा पिवळाधमक ढीग. शेजारी दुसरं ताट, कुंकू, खण, नारळ. शब्द दिला की ते ताट बाहेर जायचं.

“बसा,” लक्ष्मीबाई म्हणाली. “मी अडाणी बाई. तुमच्या भावानं दिलेला कागद दोघा-तिघांकडनं वाचून घेतला. शाळंतलं मास्तर म्हणलं, निर्दोष सुटला. पोष्टमन म्हणला, पुरावा न्हाय म्हणून सुटला. ह्या दोन्हीत फरक हाय का न्हाय?”

“मला न्हाय कळत.”

“मलाबी न्हाय कळलं. मग मी म्हणलं, आईला कळत असंल. आई घरातच असती.”

“मी त्या दिवशी बाजाराला गेले हुते.”

“परत आलाच असाल न्हवं.”

पडवीत इंद्रजित काहीतरी बोलत होता आणि सावळाराम हसत होता.

“मला जास्ती काय नगं,” लक्ष्मीबाईनं ताम्हण पुढं सरकवलं. “भंडारा उचला आन् म्हणा, माझ्या पोराचा हात तिच्यावर पडला न्हाय. मी कुणाला पुन्यांदा इचारणार न्हाय. तुमच्या खंडोबावर सोडून देईन.”

रंगूबाईनं हात पुढं केला. म्हणायला वाक्य केवढं, मटकी निवडता निवडता म्हणून होईल एवढं. म्हटलं की चहा होईल, कुंकू होईल, कळंबला मामा उतरेल आणि पुढच्या रस्त्यावर लेक तिला “दमलीस” म्हणेल. मग काही दिवसांनी ही पोरगी तिच्या घरात येईल. तीही विचारेल, तुम्ही मधी का पडत नाही.

आणि नाही म्हटलं, तर कळंबच्या पुढचा रस्ता.

तिचा हात भंडाऱ्याच्या वर येऊन अडकला.

पडवीतलं हसणं थांबलं. खोलीत उजेड कमी झाला. तिला वळून बघायची गरज नव्हती, दारात कोण उभं आहे ते पाठीला कळलं.

“आये,” इंद्रजित अगदी हळू म्हणाला, “उचल की. लोकं खोळंबल्यात.”

“भाऊ, तुमी बाहेर बसा,” लक्ष्मीबाई म्हणाली.

“बसतो की. आयेला तेवढं म्हणू द्या.” तो हलला नाही. आवाज मऊ. “आये, कोर्टात म्हणलीस तसंच.”

लक्ष्मीबाईनं त्याच्याकडं पाहिलं. मग रंगूबाईच्या हाताकडं.

“बाई,” ती म्हणाली, आणि आता तिचा आवाजही उतरला होता, “भंडारा ऱ्हाऊ द्या. मला एकच सांगा. तुमी माझ्या जागी असता, तर दिली असती लेक?”

रंगूबाईनं हात मागं घेतला आणि पदराखाली धरला. ती उठली. भिंत धरून पुढं झाली. दाराशी इंद्रजित बाजूला झाला नाही. त्याच्या अंगाला घासून जावं लागलं. तिला वाटलं, आता हाताला धरेल. त्यानं धरलं नाही. घरात परकी माणसं होती.

पडवीत सावळाराम सुपारी हातात घेऊन अर्धवट उठला. “काय झालं, आक्का? झालं का म्हणून?”

ती उंबऱ्याबाहेर पडली. मागं लक्ष्मीबाईचा आवाज आला, “मेघे, कुंकवाचं ताट उचलून ठेव.”

जीपचं तोंड अंथुर्ण्याच्या बाजूला होतं. रंगूबाई दुसऱ्या बाजूला वळली. तिकडं गाव होतं, माणसं होती, एस.टी.चा फाटा होता. तो फाटा कुठं नेतो आणि ती तिथून कुणाच्या दारात जाऊन उभी राहणार, ते तिला माहीत नव्हतं. वाटेतली खडी पायाखाली वाजत होती.

“आये,” इंद्रजितनं मागून हाक मारली. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला होता. “गाडी हिकडं हाय. आये, कुठं निघालीस?”

रंगूबाई चालत राहिली.